तिकिटाचा जलसा

घोटावडे, ता. मुळशी, जि. पुणे

चि. मनूस


गायिका हिराबाई बडोदेकरांचा जन्म १९०५ साली मिरजेत झाला. वडील किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. ताराबाई बडोद्याच्या सरदार घराण्यातल्या. दरबारातल्या गवयाशी त्यांनी घर करणं माहेरी पटणारं नव्हतं, म्हणून दोघांनी बडोदं सोडलं. पुढे १९२२ च्या सुमारास ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि मुलांची नावंही बदलली. चंपाकलीची हिराबाई झाली, अब्दुल रहमानचे सुरेशबाबू, सकीनाची सरस्वती. हिराबाईंना आडनाव लागलं ते आईच्या गावाचं. नावात वडील उरले नाहीत, गळ्यात मात्र उरले.

हिराबाईंना तालीम मिळाली ती थोरल्या भावाची, सुरेशबाबूंची, आणि अब्दुल वहीद खाँसाहेबांची. कानानं कमी म्हणून ‘बहिरे वहीद खाँ’ असं लोक त्यांना म्हणत. ते अतिविलंबित ख्यालाचे गवई. ठेका इतका संथ, की सम यायला वाट पाहावी लागते. तेवढ्या अवकाशात घाई न करता एकेका सुरानं राग वर चढवायचा, याला बढत म्हणतात. हिराबाईंच्या गाण्याचा सगळा कणा या बढतीत आहे. ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूला मिळायची जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. त्यांनी तेवढ्यातही राग उभा करून दाखवला आणि तो धावपळीचा वाटू दिला नाही.

ताराबाईंनी पुण्यात नूतन संगीत विद्यालय काढलं आणि १९२९ च्या सुमारास त्याची नाट्यशाखा सुरू केली. तो काळ बालगंधर्वांच्या शालूचा. स्त्रीभूमिका पुरुषांनीच कराव्यात, असा रिवाज होता. स्त्रियांच्या नाटकमंडळ्या त्याआधीही होत्या, पण तिथं पुरुषाचं कामही बाईच करी. इथं मात्र बाईचं काम बाईनं आणि पुरुषाचं पुरुषानं, आणि तेही एकाच घरातल्या भावंडांनी रंगभूमीवर उभं राहून. ‘सौभद्रा’त हिराबाई सुभद्रा झाल्या. नाव झालं, पैसा मात्र टिकला नाही. कंपनी कर्जात बुडून बंद पडली आणि ते कर्ज हिराबाईंनी गाण्याच्या कमाईतून फेडलं.

त्यांचं खरं मोठं काम या कमाईच्या रीतीत आहे. बाईनं गायचं ते कुणा धनिकाच्या दिवाणखान्यात, बिदागी घेऊन, अशीच तोवर चाल होती. बोलावणारा मालक, आलेले त्याचे पाहुणे. तिथं घरंदाज बायका कुठून असणार? हिराबाई थिएटरात तिकीट लावून जलसे करू लागल्या. तिकीट काढलं की कुणीही आत. गाणारी कुणाच्या मेहेरबानीवर नाही आणि ऐकणाराही नाही. बैठकही तशीच ठेवली: साधं लुगडं, दोन्ही खांद्यांवरून पदर, ना हातवारे, ना अदा. सवाष्णी नवऱ्याबरोबर येऊन खुर्च्यांवर बसू लागल्या. हिराबाईंविषयी लिहिताना पुरस्कारांची यादी देतात, पण पद्मभूषणापेक्षा हे तिकीट मोठं आहे.

सिनेमाही त्यांनी करून पाहिला. ‘प्रतिभा’ (१९३७) हा बाबूराव पेंटरांचा बोलपट त्यातला एक. पण पडदा हे काही त्यांचं घर झालं नाही. धाकट्या बहीण सरस्वतीबाई राणे यांच्याबरोबरची जुगलबंदी मात्र गाजली; दोन बायका जोडीनं ख्याल गाताहेत, हे श्रोत्यांना नवंच होतं. भारतीय कलावंतांच्या पथकातून त्या पूर्व आफ्रिकेत आणि चीनमध्येही गाऊन आल्या. १९६५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९७० मध्ये पद्मभूषण. गायिका प्रभा अत्रे आधी सुरेशबाबूंकडे आणि मग हिराबाईंकडे शिकल्या.

हिराबाई २० नोव्हेंबर १९८९ रोजी गेल्या. त्यांच्या तबकड्यांतलं गाणं आता मोबाइलवरही मिळतं. ऐकशील तेव्हा खरखर आहे म्हणून पुढं ढकलू नकोस. पहिला षड्ज लागेपर्यंत थांब.

तुझी,
आत्या