जिथे सुई जाते, तिथे पाणी जाते

पावसाळ्याच्या तोंडावर खांद्याला लावायची पिशवी घ्यायला गेले की दुकानदार एक गंमत हमखास करून दाखवतो. पेलाभर पाणी घेऊन तो पिशवीच्या पोटावर ओततो. पाण्याचे मोती होतात, घरंगळत खाली पडतात आणि कापड कोरडे ते कोरडेच राहते. गिऱ्हाईक खूष! पण पाऊस काही पेलाभर पडून थांबत नाही. तो खांद्याच्या पट्ट्यावरून ओघळत येतो, पट्टा जिथे शिवलेला असतो तिथे मुक्काम करतो, चेनच्या दातांतून वाट काढतो. दोन तास पायपीट केल्यावर बाहेरून ठणठणीत दिसणारी पिशवी आतून ओली झालेली असते.

म्हैसूरच्या अग्रहार भागातल्या एका मराठी घराला हा धडा बराच महाग पडला.

अग्रहार म्हणजे पूर्वी राजाने विद्वान ब्राह्मणांना दान दिलेली वस्ती. म्हैसूरच्या अग्रहारात आता सर्व जातीधर्मांची, अनेक भाषांची माणसे राहतात. हे घर भावसारांचे. कापड रंगवणे, छापणे आणि शिवणे हा या समाजाचा पिढीजात व्यवसाय. पिढ्यान् पिढ्या कर्नाटकात काढूनही घरात बोलतात ती मराठीच. मात्र तिच्यात कानडीचे हेल आणि शब्द इतके मिसळलेले, की पुण्याहून आलेला पाहुणा क्षणभर थबकतो. घरातले आज्जा ऐंशीच्या घरातले. पन्नास वर्षे शिवणयंत्रावर बसलेले. आता डोळे थकले, पण कापड बोटांत धरले की त्याची जात ते अजून अचूक सांगतात.

त्यांची नात वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी. प्रबंधाच्या कामासाठी ती म्हैसूरहून दोन-अडीच तासांवरच्या बिळिगिरी रंगनाथ टेकड्यांत जायची. २०११ साली व्याघ्र प्रकल्प झालेले हे जंगल सोलिगा आदिवासींचे परंपरागत घर. आग्या मधमाश्यांच्या पोळ्यांतून मध काढणे ही त्यांची जुनी विद्या. कोणते झाड कोणत्या आठवड्यात फुलते आणि त्यावर माश्या केव्हा येतात, याची रोजची नोंद नात ठेवत होती. त्यासाठी तिने ऐटबाज पिशवी घेतली होती. जाड नायलॉनची, भरपूर कप्प्यांची, आणि वर चिठ्ठी लावलेली : 'पाणीरोधक'.

एप्रिलच्या अखेरीस जंगलात वळवाने गाठले. म्हैसूरकडे पाऊस तसा बेताचाच, वर्षाला साधारण ८० सेंटीमीटर. पण मे आणि ऑक्टोबरच्या आसपास तो विजांचा कडकडाट करत येतो आणि तासाभरात माणसाला चिंब करून जातो. टेकड्यांवर तर विचारूच नका. नात निवाऱ्याला पोहोचली, पिशवी उघडली, तर वहीची पाने एकमेकांना चिकटलेली. जेल पेनने लिहिलेल्या नऊ दिवसांच्या नोंदी निळ्या डागांत विरघळून गेल्या होत्या.

घरी आल्यावर आईने वही पंख्याखाली वाळवली, पाने एकेक करून सोडवली. काही ओळी लागल्या, पुष्कळशा लागल्या नाहीत. ज्या वृद्ध सोलिगांनी झाडांची माहिती सांगितली होती, त्यांनी ती पुन्हा सांगितली असती. माणसे भली होती. पण झाडे पुन्हा फुलणार नव्हती. मोहोर गळून गेला होता. त्या नोंदींसाठी आता एक वर्ष थांबायचे होते, आणि शिष्यवृत्ती काही वर्षभर वाट पाहणार नव्हती.

"फसवलं हो आज्जा मला त्यांनी," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

आज्जांनी पिशवी मागून घेतली, उलटी केली, खिडकीशी नेऊन उजेडाला धरली. शिवणीच्या रेघेवर बारीक बारीक उजेडाचे ठिपके दिसत होते.

"फसवलं नाही, पोरी," ते म्हणाले. "कापड चांगलं आहे. पण पिशवी म्हणजे नुसतं कापड नव्हे. जिथे सुई जाते, तिथे पाणी जाते."

एवढ्या एका वाक्यात या पिशव्यांचे सारे शास्त्र आले. अशा नायलॉनच्या आतल्या बाजूस बहुधा पॉलियुरेथेनचा पातळ लेप असतो. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ चढवत नेऊन, ते कोणत्या उंचीला पाझरू लागते ते तपासतात. चिठ्ठीवर '१५०० मिलिमीटर' असे लिहिलेले असते ते हेच माप. पण हे माप कापडाचे. शिवण, चेन आणि पट्ट्याचा जोड यांची परीक्षा त्यात होत नाही. 'पाणीरोधक' म्हणजे पाण्याला काही काळ थोपवणारे, 'जलाभेद्य' म्हणजे पाणी आत येऊच न देणारे. दुकानात दोन्ही शब्द एकाच सुरात उच्चारले जातात, पण पावसात त्यांचा अर्थ वेगळा होतो.

जुन्या लोकांना ही अडचण ठाऊक नव्हती असे नाही. १८२३ साली चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून पावसाळी कापड केले, तेव्हाही सुईची भोके हीच डोकेदुखी होती. आपल्याकडे १९२० साली सुरेंद्रमोहन बोस यांनी कलकत्त्यात पावसाळी वस्तूंचा स्वदेशी कारखाना काढला. त्यांचा 'डकबॅक' रेनकोट आणि दप्तर कित्येक घरांनी पावसाळ्यामागून पावसाळे वापरले.

आज्जांच्या उमेदीत पावसाळी पिशवी म्हणजे जाड सुती कॅनव्हासची. कापूस भिजला की त्याचा धागा फुगतो, वीण आवळते, भोकेही बुजत येतात. नायलॉन तसे फुगत नाही. वर आज्जा दोरा मधमाश्यांच्या मेणातून ओढून घेत. मेण दोऱ्याबरोबर भोकात शिरते आणि तिथेच बसते. झाकण दोन्ही बाजूंनी चार बोटे खाली येईल असे कापत. पट्टा नुसता वरच्या काठाला न टाचता पिशवीच्या बुडाखालून फिरवून आणत, म्हणजे ओझे एकट्या शिवणीवर पडत नसे.

"तशीच एक शिवून देतो तुला," ते म्हणाले.

नातीने आधी नकारच दिला. भिजलेला कॅनव्हास दगडासारखा जड होतो, दमट जंगलात त्याला बुरशी धरते, आणि चढण तिला चढायची होती, आज्जांना नव्हे! आज्जा जरा हिरमुसले. पण तिचे म्हणणे खोटे नव्हते, हे त्यांनाही कळत होते.

शेवटी दोघांनी मिळून तोड काढली. जुनी पिशवी ठेवायची. शिवणीला लावायचे चिकट द्रावण बाजारात मिळते, ते आणले. आज्जांनी काडीने आतल्या प्रत्येक शिवणीवर त्याचे दोन हात दिले आणि पिशवी रात्रभर वाळत टाकली. चेनवर पाणी सरळ पडू नये म्हणून पिशवीला वरून घालायचा सैल अभ्रा आणला. आणि वहीसाठी निराळी, तोंड तीनदा गुंडाळून बंद करायची लहान थैली घेतली. तिचे जोड सुईने नव्हे, तर उष्णता देऊन सांधलेले होते.

ती थैली आज्जा कितीतरी वेळ हातात फिरवत राहिले. सारा जन्म सुई चालवलेल्या माणसाच्या हातात बिनसुईची वस्तू! "हे बरं केलंय," एवढेच ते म्हणाले.

घरात मग काही नियम झाले. नोंदी पेनने नव्हे, शिसपेन्सिलीने करायच्या. शिसपेन्सिल पाण्यात उतरत नाही. नवी पिशवी आधी घरीच नळाखाली पंधरा मिनिटे धरायची, आत वर्तमानपत्राचा कागद ठेवून. कागद कुठे भिजला ते पाहिले की चोरवाट सापडते. पावसातून आल्यावर पिशवी उलटी करून सावलीत वाळवायची. ओली घडी करून कपाटात टाकली, तर आतला लेप हळूहळू चिकट होतो आणि पापुद्रे सुटू लागतात. आणि रोज संध्याकाळी वहीच्या पानांची छायाचित्रे मोबाइलवर काढून ठेवायची, हा नियम आईने घातला. शास्त्र शिकलेल्या मुलीला तो आधी सुचला नव्हता!

खांद्यावरच्या पिशवीत माणूस स्वतःचेच सामान नेतो, असे वाटते. पण पोस्टमनच्या पिशवीत परक्यांची पत्रे असतात, आशाताईंच्या पिशवीत वाडीतल्या बाळांची लसीची कार्डे असतात, आणि या मुलीच्या पिशवीत एका जंगलाचा मोहोर होता. आपले भिजले तर चुटपुट लागते. दुसऱ्याचे भिजले तर उत्तर द्यावे लागते.

शिष्यवृत्तीची मुदत मार्गदर्शक बाईंच्या खटपटीने सहा महिने वाढली. उरलेले महिने घरच्यांनी निभावले. पुढच्या एप्रिलात नात पुन्हा टेकड्यांवर गेली. आठव्या दिवशी वळवाने तिला वाटेतच गाठले. रात्री घरी फोन आला तेव्हा आईने विचारले, "वही कोरडी आहे ना ग?"

आज्जांनी फोन मागून घेतला. पिशवीबद्दल त्यांनी एक शब्दही काढला नाही.

"मोहोर आलाय का झाडांना?" त्यांनी विचारले.