पिल्लांचे पाय आणि ग्रहण

आमच्या घरी कोंबड्या पूर्वीपासून आहेत. फार नाहीत, चार-पाच. अंडी पोरीच्या पोटात जातात आणि बाजाराच्या दिवशी एखादा कोंबडा विकला की तिच्या वह्यांचे भागते. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात बौद्धवाड्यातल्या बहुतेक घरांत असेच आहे.

2025 च्या ऑगस्टअखेर आमची तांबडी कोंबडी खुडूक झाली. मायने टोपलीत धानाची तणस घातली, अकरा अंडी मांडली आणि 31 तारखेला तिला रवणीवर बसवले. एकविसाव्या दिवशी, 21 सप्टेंबरला, आठ पिल्ले निघाली. तीन अंडी गार गेली. त्याच रात्री रानमांजराने खुराड्याची फळी सरकवली आणि कोंबडी नेली. पिल्ले तणसात दडून राहिली म्हणून वाचली. सकाळी आमच्या पोरीने ती एकेक करून ओट्यात घेतली. बाहेर पाऊस, घरात ओल आणि आठ पिल्लांना माय नाही.

आम्ही घाईघाईने टीव्हीचे जुने खोके काढले, वर साठ वॉटचा दिवा टांगला. खाली ओल येऊ नये म्हणून फ्लेक्सचा तुकडा अंथरला. निवडणुकीतल्या एका उमेदवाराचा फ्लेक्स होता, हात जोडून हसत होता. त्याला पालथा घातला. जयंतीचाही फ्लेक्स घरात होता, पण त्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. काम चांगले झाले असे वाटून आम्ही कामावर गेलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहतो तर एक पिल्लू बेडकासारखे दोन्ही पाय दोन बाजूंना पसरून पोटावर पडलेले. उठायला जाई आणि पाय आणखी फाकत. दुसऱ्याची बोटे मुठीसारखी आत वळलेली, ते बोटांच्या पाठीवर चाले. तिसऱ्याचा एक पाय गुडघ्यातून, म्हणजे आपण ज्याला कोंबडीचा गुडघा म्हणतो त्या सांध्यातून, बाहेर वळलेला आणि सांधा सुजलेला.

माय खोक्याजवळ बसली आणि म्हणाली, "मले वाटलंच होतं. रवणीत गरहन लागलं ना, त्याचंच हे."

आमची माय म्हणजे 1956 च्या अशोक विजयादशमीला तीन वर्षांची होती, तिच्या आईच्या कडेवर बसून नागपूरच्या दीक्षेला गेलेली. बावीस प्रतिज्ञा तिला तोंडपाठ. घरात देव्हारा नाही, लिंबू-मिरची नाही, मरीमायला कोंबडे देणे तर तिच्या आईनेच बंद केले होते. पण ग्रहण तिच्याकडून सुटले नव्हते. 7 सप्टेंबरच्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते हे खरे, आणि त्या वेळी अंडी रवणीत होती हेही खरे.

पाचवीतली आमची पोर म्हणाली, "आजी, ग्रहण तर सगळ्याच अंड्यांवर होतं. मग पाच पिल्लं धडधाकट कशी?"

माय काही बोलली नाही. आमचे दादा दारात शिलाई मशीनवर बसले होते, त्यांनीही मशीन थांबवली. ती शांतता पोरीला कळली नाही, आम्हाला कळली. तिचे कारण पुढे सांगतो, आधी पिल्लांचे सांगतो, कारण पिल्लांच्या बाबतीत एकेक दिवस मोलाचा असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही पिल्ले पिशवीत घालून आम्ही पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पिल्लांना हात लावण्याआधी विचारले, "खाली काय अंथरलंय?"

फ्लेक्स म्हटल्यावर ते हसले. नुकत्या निघालेल्या पिल्लाची हाडे आणि सांधे मऊ असतात. खाली गुळगुळीत काही असले, फ्लेक्स, प्लास्टिक किंवा नुसता वर्तमानपत्राचा कागद, तर नखांना पकड मिळत नाही. पाय बाजूला घसरतात, मांडीतले स्नायू त्यांना आत ओढू शकत नाहीत आणि चार-आठ दिवसांत सांधा तसाच धरून बसतो. कोंबडीच्या पोटाखाली तणस असते, माती असते, म्हणून तिथे हे कमी दिसते. म्हणजे पहिल्या पिल्लाचा पाय आम्हीच मोडीत काढला होता, चंद्राने नव्हे.

उपाय साधा, पण पहिल्या दोन-तीन दिवसांतच करायचा. दोन्ही पायांना मऊ पट्टीने एकमेकांशी बांधायचे, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे. पिल्लू नीट उभे राहिले असते तर पायांत जेवढे अंतर राहिले असते तेवढेच ठेवायचे, जास्त जवळ आणायचे नाही. पट्टी घट्ट झाली तर पाय सुजतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ बघायचे.

हे काम दादांनी अंगावर घेतले. जुन्या मलमलच्या धोतराची करंगळीहून बारीक पट्टी कापली. गाठ पायाला टोचेल म्हणून गाठ मारली नाही, सुईने दोन टाके घातले. चिकटपट्टी लावली असती तर काढताना कातडी निघाली असती, असे त्यांचे म्हणणे. पिल्लू आधी तोंडावर पडले, पुन्हा उठले, पुन्हा पडले. मग दादांनी चहाच्या कपात फडके घालून त्यात त्याला उभे केले, पाय खाली सरळ राहतील असे. दहा मिनिटे कपात, मग बाहेर, दिवसातून पाच-सहा वेळा. गिऱ्हाइकाचे ब्लाऊज मशीनवर आणि शेजारी कपात पिल्लू!

खोक्यातला फ्लेक्स काढून जुना टॉवेल घातला. धानाचे तूस चांगले, पण पहिले दोन-तीन दिवस पिल्ले दाणा समजून तेच खातात, म्हणून ते नंतर घातले. ऊब पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांच्या आसपास लागते, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करायची. आमच्याकडे थर्मामीटर कुठला? पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढली तर गारठलीत, चोच उघडून कोपऱ्यात पळाली तर उकडते आहे. लाइट गेली की गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवायची. लाइट त्या आठवड्यात बरीच गेली. पायाने अधू पिल्लू पाण्यापर्यंत पोचत नाही, तेव्हा त्याची चोच हलकेच गुळाच्या पाण्यात बुडवावी लागते. पाणी डब्याच्या झाकणात, आणि त्यात खडे, नाहीतर पिल्लू त्यात पडून मरते. धडधाकट पिल्ले अशा पिल्लाला टोचतात, म्हणून मध्ये जाळी लावली. पूर्ण वेगळे मात्र ठेवले नाही, एकटे पिल्लू ओरडून ओरडून थकते.

वळलेल्या बोटांचे कारण वेगळे. कोंबडीच्या खाण्यात ब-2 जीवनसत्त्व कमी पडले तर अंड्यात कमी आणि पिल्लात कमी. नुसत्या तांदळाच्या कणीवर कोंबड्या ठेवणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे लक्षात घ्यावे, हिरवा पाला द्यावा. डॉक्टरांनी ब-जीवनसत्त्वांचे थेंब दिले आणि औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची पायाच्या मापाची चप्पल करून बोटे त्यावर सरळ पसरून बांधायला सांगितली. तीन दिवसांत ते पिल्लू पळायला लागले. फाकल्या पायाचे चौथ्या दिवशी पट्टी काढल्यावर उभे राहिले, थोडे डुलत.

तिसऱ्याचे जमले नाही. त्याच्या सांध्यामागची शीर तिच्या खाचेतून सरकली होती. डॉक्टरांनी पाय ताणून ती बसवली, दुसऱ्या दिवशी पुन्हा सरकली. शेजारचे काका म्हणाले, "मान मुरगाळा न् मोकळे व्हा." दादा म्हणाले, "खाते आहे तोवर राहू द्या." ते आठ दिवस खात होते. नवव्या दिवशी चोच उघडेना, दहाव्या पहाटे गेले. ते दहा दिवस आम्ही त्याला वाचवत होतो की त्याचा त्रास लांबवत होतो, याचे उत्तर आमच्यात अजून एक नाही.

(एक सांगायचे राहिले. दीड-दोन महिन्यांची चांगली वाढलेली कोंबडी अचानक एक पाय पुढे, एक मागे टाकून पडली तर ती मरेक रोगाची खूण असू शकते. तिथे पट्टी कामाची नाही. त्याची लस पिल्लू निघाल्या दिवशीच द्यायची असते. पिल्ले विकत घेताना ती दिली आहे का, हे विचारून घ्यावे.)

आता त्या शांततेचे. आमच्या दादांचा डावा पाय लहानपणापासून लुळा. दीड वर्षांचे होईपर्यंत ते अंगणभर धावत होते. मग ताप आला आणि पाय गेला. तो पोलिओ होता. पल्स पोलिओची मोहीम 1995 मध्ये सुरू झाली तेव्हा दादा विशीत होते, आणि 2014 मध्ये देश पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले तेव्हा त्यांचे केस पांढरे होत होते. पण गावाने तेव्हाच निकाल दिला होता. पोर पोटात असताना हिने ग्रहणात विळ्याला हात लावला, म्हणून पाय गेला! चांगला चालणारा पोर दीड वर्षांनी अधू झाला, हे कोणी विचारात घेतले नाही. शाळेच्या हजेरीपटाबाहेर दादांचे नावही कोणी घेतले नाही, पायावरूनच हाक मारली. ती हाक मायने पन्नास वर्षे ऐकली, आणि प्रत्येक वेळी त्यात विळाही ऐकला.

पोर बोलून गेली त्या रात्री माय बराच वेळ जागी होती. दिव्याखाली पिल्लांकडे बघत तिने दादांना विचारले, "आठीच्या आठी अंडी गरहनातच होती नं रे?"

"होती, माय."

"मंग?"

दादा म्हणाले, "मंग काय, फ्लेक्स घसरडा होता." दोघेही हसले. आम्ही पांघरुणातून ऐकत होतो, उठलो नाही.

वर्षावास चालूच होता. विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतात. आमच्या पोरीने वाचणाऱ्या ताईंना सांगून सिद्धार्थ, देवदत्त आणि पक्ष्याची गोष्ट पुन्हा वाचायला लावली आणि घरी येऊन जाहीर केले, की जो वाचवतो त्याचा हक्क, म्हणून ती दोन पिल्ले बाजारात जाणार नाहीत, ती मोठ्या बाबांची आहेत. आम्ही काही शाकाहारी नाही, आणि बाकीच्यांतले दोन कोंबडे विकून पोरीचा स्वेटर आला हेही लपवत नाही. पण त्या दोघांवरचा हक्क आम्ही मान्य केला. पोरीने फाकल्या पायाच्या पिल्लाला पायावरून एक नाव ठेवले होते, ते मात्र मायने त्याच दिवशी बंद केले.

ते पिल्लू पुढे तलंग झाले. अजून जरा डुलत चालते, पण भिंतीवर उडी मारते.

मध्ये मायने दुसरी कोंबडी रवणीवर बसवली. या वेळी तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले नाही. टोपलीशेजारी दादांकडून कापून घेतलेल्या मलमलच्या चार पट्ट्या आणि सुईदोरा ठेवला, खुराड्याच्या फळीला कडी लावून घेतली. फ्लेक्स आता खुराड्याच्या छतावर आहे, सुलटा. उमेदवार हात जोडून आभाळाकडे बघत असतो, आणि खाली पावसाचा थेंब येत नाही.