यंदाची सहल : मालवण

यंदा सहल मालवणला न्यायचे ठरले. कोकण रेल्वेने कुडाळ, पुढे होडीने सिंधुदुर्ग किल्ला. मुले खूश झाली. आम्हाला मात्र १८ जानेवारी २०२४ आठवला. आपल्याच हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुले आणि २ शिक्षिका वडोदऱ्याने गमावल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती.

"सहलच नको," असे काही पालक म्हणाले. आम्हीही दोन रात्री तोच विचार केला. पण शिवरायांनी समुद्रात बांधलेला किल्ला मुलांनी फक्त पुस्तकातच पाहायचा का?

म्हणून जायचे. परंतु लाइफ जॅकेटशिवाय एकही मूल होडीत चढणार नाही. होडीत एक जरी माणूस जास्त झाला, तर आम्ही किनाऱ्यावरूनच किल्ल्याला नमस्कार करून परतू. पालकांनी मुलांना हे आधीच सांगून ठेवावे, ही विनंती.