मोटारीचे दात

आपल्या ओळखीपाळखीत मोटारीचे किती जाणकार आहेत, याचा पत्ता जुनी मोटार घ्यायचे ठरवीपर्यंत माणसाला लागत नाही. मी नुसते 'बघतो आहे' एवढे म्हटले आणि आमच्या पेडगावात सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. शाळेतले गणिताचे सहकारी, ज्यांनी उभ्या आयुष्यात सायकलपलीकडे वाहन बाळगले नाही, त्यांनी मधल्या सुट्टीत डिझेल आणि पेट्रोल यांचे त्रैराशिक फळ्यावर मांडून दाखवले. किराणा दुकानदाराने गोडे तेल मोजता मोजता इंजिनाच्या तेलावर मत दिले. केस कापणाऱ्याने तर वस्तरा मानेवर ठेवून, "गुरुजी, पांढराच रंग घ्या," असे बजावले. त्या क्षणी मी कोणताही रंग कबूल केला असता.

हौस म्हणाल तर ती मला नाही. माझ्या दोन कादंबऱ्यांच्या मानधनात मोटारीची दोन चाके आली असती, तीही बहुधा हवा न भरलेली. गाडी हवी होती ती अण्णांसाठी. वडिलांचे वय 79. गेल्या वर्षापासून त्यांची मूत्रपिंडे थकली आहेत. आठवड्यातून दोनदा परभणीला डायलिसिस, दर खेपेला चार तास यंत्राशेजारी. जाताना ते टोपी घालून, ऑटोवाल्याशी कापसाच्या भावावर वाद घालत जातात. येताना मात्र अंगातला सगळा जोर कुणी पिळून घेतल्यासारखे होतात, आणि रस्त्याच्या प्रत्येक धक्क्याला त्यांचा हात माझा गुडघा शोधतो. एका संध्याकाळी ऑटो वाटेतच बंद पडला. आम्ही दोघे लिंबाच्या झाडाखाली तासभर बसलो. अण्णा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

त्या रात्री मी हिच्याजवळ विषय काढला. ही म्हणाली, "थोरलीच्या कॉलेजसाठी ठेवलेले आहेत, त्यातले घ्या. पण ते वाया गेले तर दुसरे नाहीत." हे वाक्य खिशात घालून मी बाजारात उतरलो. पुढच्या तीन महिन्यांत मी जितका चिकित्सक झालो तितका परीक्षेचे पेपर तपासतानाही कधी झालो नव्हतो.

आमच्याकडे म्हणच आहे: जगात जर्मनी, भारतात परभणी. तिला धरून एका विद्यार्थ्याच्या पालकांनी फोक्सवॅगनची 'अमिओ' सुचवली. ही छोटी सेडान त्या जर्मन कंपनीने 2016 साली खास भारतासाठी काढली होती, आणि ती बनायची आपल्या चाकणला. जर्मनी थेट परभणीत येणार म्हणून मीही हुरळलो. पण गावातल्या मिस्तरींनी हात जोडले. "गुरुजी, गाडी झ्याक हाय. पण तिचं सामान मागवायचं म्हटलं की चार-आठ दिवस गेले. अण्णांला तर आठवड्यातून दोनदा न्यायचंय." म्हण बाजूला राहिली.

छोटी सेडान म्हणजे नेमके काय, हे मला तोवर ठाऊक नव्हते. मागे डिकी असलेली, पण आखूड शेपटाची. या आखूडपणाची गोष्ट मोठी मजेदार आहे. 2006 च्या अंदाजपत्रकात सरकारने लहान मोटारींवरचे उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 वर आणले. लहान म्हणजे लांबी 4 मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोलचे असेल तर 1200 सीसीपर्यंत, डिझेलचे असेल तर 1500 पर्यंत. मग काय, कारखानदारांनी टेप आणि कात्री दोन्ही बाहेर काढली. टाटांची इंडिगो सीएस 2008 साली 3988 मिलिमीटरची होऊन आली. मारुतीची पहिली डिझायर त्याच वर्षीची, 4160 मिलिमीटर लांब. 2012 साली तिची दुसरी आवृत्ती निघाली ती 3995 मिलिमीटरची. अवघे पाच मिलिमीटर शिल्लक ठेवले! शिंप्यानेसुद्धा इतके काटेकोर बेतू नये. या कापाकापीत गेली ती डिकी: पहिलीची 440 लिटरची होती, दुसरीची 316 लिटरची उरली.

गुरुजींना या लिटरांचे काय करायचे, असे वाचक म्हणतील. अण्णांची चाकाची खुर्ची आहे ना! ती मी घडी घालून मोजली आणि तेवढ्या मापाच्या गाठी मारून एक सुतळी खिशात ठेवली. पुढे प्रत्येक गाडीवाल्याने, हा माणूस डिकीला सदरा शिवणार आहे की काय, अशा नजरेने माझ्याकडे पाहिले.

पहिली गाडी डिझेलची, दिल्लीच्या पाटीची. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली दिल्ली परिसरात 10 वर्षांपुढच्या डिझेल गाड्या रस्त्यावर आणायला मनाई केली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात खाली उतरू लागल्या. गाडी वाईट नव्हती. पण तिकडचे ना-हरकत पत्र, इकडची नवी नोंदणी, इथला रस्ता-कर, हे सारे मिळवले की स्वस्ताई परभणीला पोहोचण्याआधीच संपत होती. ती मी उभ्या उभ्याच पाहिली.

दुसरी मात्र मनात भरली. एका दलालाच्या आवारात होती. मोत्यासारखा रंग, आत अत्तराचा वास. "डॉक्टरसाहेबांची हाय. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर." जुन्या गाडीच्या बाजारात डॉक्टरांखेरीज कुणाजवळ मोटार असतच नाही, हे मी एव्हाना शिकलो होतो. काटा 42,000 किलोमीटर दाखवत होता. मिस्तरींनी काट्याकडे पाहिलेच नाही. ते खाली वाकले आणि ब्रेकच्या पायटीवरून बोट फिरवले. रबर घासून गुळगुळीत झाले होते. "डॉक्टर दवाखान्यात जाताना लई ब्रेक मारीत असतील," एवढेच ते म्हणाले. मग त्यांनी खिशातून लोहचुंबक काढले आणि पत्र्यावर टेकवत चालले. मागच्या दारापर्यंत ते टकाटक चिकटले, तिथे मात्र गळून पडले. रंगाच्या आत पत्रा नव्हता, लांबी भरलेली होती.

हे सगळे मी सहन केले असते. अत्तराची मोहिनी वाईट असते. पण शेवटी मिस्तरींनी मागच्या बैठकीचा पट्टा धरला आणि ओढत नेला, ओढत नेला, अगदी मुळापर्यंत. वरचा हातभर पट्टा स्वच्छ, आणि खाली जिथे तो कधी कुणी ओढत नाही तिथे एक करडी रेघ. तिच्याखाली वाळलेली माती. ती माती ओळखायला मला मिस्तरींची गरज नव्हती. ओली असताना पायाला सोडत नाही आणि वाळल्यावर पापुद्र्याने निघते ती आमच्याच रानातली काळी. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, तिच्यात ही गाडी कुठेतरी बैठकीपर्यंत बुडून उभी होती. मुंबईत 26 जुलै 2005 ला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाही बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून लांब लांब विकल्या गेल्या, असे मिस्तरी सांगत होते. पाणी गेलेली गाडी दोन-चार महिने नीट चालते. मग एखाद्या रात्री तिच्या तारा गंजून बसतात आणि ती उभी राहते. कुठे उभी राहील ते मला दिसले: त्याच लिंबाखाली.

तिसऱ्या गाडीला अण्णा म्हणाले, "मी येतो." ऐकेनात. मानवतकडच्या एका शेतकऱ्याची, 2013 सालची पेट्रोल डिझायर. 2022 च्या आरंभी कापूस क्विंटलला 10,000 च्या वर गेला होता, त्या हंगामात त्याने ती हौसेने दुसऱ्या हाताची घेतली होती. 2025 च्या पावसात सोयाबीन रानातच गेले आणि आता ती विकायला काढली होती. दारात गेल्याबरोबर तो म्हणाला, "गुरुजी, मी खरं सांगायलो. डाव्या दाराला बैलानं शिंग मारलेलं हाय. एसी मंद हाय. बाकी तुमचं तुम्ही बघा."

अण्णांनी विचारले, "कोणता बैल?"

झाले! गाडी राहिली उभी आणि मंडळी गोठ्यात गेली. अण्णांनी उभ्या आयुष्यात पाच-सहा बैलजोड्या घेतल्या. लाल कंधारीवर त्यांचा फार जीव. व्यापारी शिंगे घासून तेल लावतो, मीठ चारून पाणी पाजतो म्हणजे पोट भरलेले दिसते, म्हणून गिऱ्हाइकाने बाजारात न जाता पहाटे दावणीवर जाऊन पाहावे, आणि आधी जबडा उघडावा. दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की जुळला. दात खोटे बोलत नाहीत. हे सारे मी लहानपणी ऐकले होते. पण त्या दिवशी गोठ्यातून परत आल्यावर अण्णांनी पहिली गोष्ट केली ती ही, की गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवला. थंड होते. "बरं केलं, आधी चालू करून ठेवली न्हाई," ते म्हणाले. मिस्तरी त्यांच्याकडे बघतच राहिले; तेही पुढे होऊन हेच करणार होते. गाडी आधीच तापवून ठेवली की थंडीतली तिची कुरकुर गिऱ्हाइकाला ऐकू येत नाही.

मग पारख सुरू झाली. पहिल्या फटक्यात इंजिन लागले. मागून निळा धूर आला तर तेल जळते आहे, पांढरा येत राहिला तर पाणी आत शिरते आहे, काळा आला तर पेट्रोल फुकट चालले आहे. इथे थोडी वाफ आली आणि विरली. तेलाची पट्टी काढली, तेल काळसर पण दुधाळ नाही. स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून गोल फिरवली, चाकातून कटकट नाही. पट्टे ओढले, मुळापर्यंत कोरडे. एसीचे त्याने सांगितले तसेच. पण हँडब्रेक लावून, तिसरा गिअर टाकून क्लच सोडला तेव्हा इंजिन लगेच बंद पडायला हवे होते. ते क्षणभर रेंगाळले. "क्लचप्लेट. सहा महिने, फार तर," मिस्तरी म्हणाले. शेतकऱ्याने मान हलवली. "ते मला म्हाईत नव्हतं. पण असंल."

टायरवर मिस्तरींनी चार आकडे दाखवले, 3419. म्हणजे 2019 सालच्या 34 व्या आठवड्यातला टायर. अण्णा काठीवर रेलून वाकले, आकडे वाचले आणि म्हणाले, "हे दात का मग?" त्या दातांवरून टायर बदलायचे ठरले.

फुगे, म्हणजे ज्यांना एअरबॅग म्हणतात ते, या गाडीत नाहीत. चालकापुढचा फुगा सक्तीचा झाला तो 1 जुलै 2019 पासून. ही त्याच्या फार आधीची, खालच्या प्रतीची. ऑटोला तर दारही नव्हते, अशी मी मनाची समजूत घातली. ती पुरती पटली असे नाही. रात्री परत येताना मी चाळीसच्या पुढे जात नाही, ते त्यामुळेच.

सुतळी डिकीत तिरकी बसली. आणि शेवटी ज्याच्यासाठी हे सारे चालले होते, तो माणूस गाडीत बसला. बैठक खाली, अण्णांचे गुडघे कडक. आधी ते आडवे टेकले, मग एकेक पाय हाताने उचलून आत घेतला, दाराला धरून सावरले. मी पुढे झालो तर हाताने मला लांब केले. मग मान मागे टेकून डोळे मिटले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. माझ्या सुतळीपेक्षा ती परीक्षा मोठी होती.

कागद मी पाहिले. गाडीचे नोंदणीपुस्तक म्हणजे तिचा सातबारा, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवे होते. मग इतके दिवस भीती वाटली नसती. मालक कितवा, चासीचा नंबर जुळतो का, आणि मुख्य म्हणजे बोजा आहे का. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि 35 नंबरचा अर्ज आल्याशिवाय एक रुपया देऊ नये. इथे बोजा उतरलेला होता. थकलेले एक चलान निघाले, ते शेतकऱ्याने तिथेच मोबाइलवरून भरले.

"किती वर्षं चालंल?" अण्णांनी गाडीतूनच विचारले.

मी म्हणालो, "नोंदणी 15 वर्षांची असते. म्हणजे 2028 पर्यंत. मग तपासणी करून आणखी पाच वर्षं वाढवून मिळते. फी मात्र 2022 पासून 600 ची 5,000 झाली आहे."

"नको वाढवू," ते म्हणाले. "तवर मला पुरती."

शेतकरी दुसरीकडे पाहू लागला. मी पुस्तकाची पाने पुन्हा चाळली. त्यात दुसरे पान नव्हतेच.

राहिला भाव. मी पुष्कळ तयारी केली होती. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान मोटारींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला, नव्या गाड्या उतरल्या, तेव्हा जुन्याही उतरायला हव्यात. शिवाय पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, ही गाडी त्याच्या आधीची, नळ्यांचे रबर बदलावे लागेल. शिवाय क्लच, शिवाय टायर. मुद्दे मी वहीत क्रमाने लिहून आणले होते. पहिला मुद्दा निम्म्यात असताना अण्णांनी खांद्यावरचे उपरणे काढले, आपल्या हातावर टाकले आणि हात शेतकऱ्यापुढे केला. तो क्षणभर थांबला. मग त्याच्या तोंडावर ओळख पटल्याचे हसू आले आणि त्याने आपला हात उपरण्याखाली घातला. बैलबाजारात भाव असाच होतो. बोटे धरायची, सोडायची, आणि शेजारच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. उपरणे दोनदा हलले. एकदा शेतकऱ्याने मान नकारार्थी हलवली, एकदा अण्णांनी. मी वही धरून उभा. पैसे माझे, आणि भाव कळला नाही तो मलाच.

"झालं," अण्णा म्हणाले. "क्लचचे धरून."

आकडा मी ठरवला होता त्याच्याहून 8,000 ने जास्त होता. परत येताना मी ते बोलून दाखवले, तेव्हा अण्णा म्हणाले, "त्याची पेरणी राह्यलीय." मी गप्प बसलो. हिला काय सांगायचे याचा विचार करीत होतो. सांगितल्यावर ती म्हणाली, "बरोबर केलं त्यांनी," आणि मला पुन्हा गप्प बसावे लागले.

29 आणि 30 नंबरच्या अर्जांवर सह्या झाल्या. विमा 14 दिवसांत नावावर करायला हवा होता, तो मी दहाव्या दिवशी केला. क्लचप्लेट मिस्तरींनी पोळ्याच्या आदल्या दिवशी बदलायला घेतली. त्या दिवशी अण्णांची परभणीची खेप होती, म्हणून आम्ही ऑटोनेच गेलो.