पाटी उतरायची आहे

२८ डिसेंबर २०२५, शहापूर
बाजारपेठेतल्या किराणा दुकानाची पाटी उतरणार. नवी एसीपीची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम पॅनेलची, आत दिवे. शेठच्या मुलाने ऑर्डर दिली. संक्रांतीआधी लागेल.
जुनी पत्र्याची. निळ्यावर पिवळी अक्षरे, उजव्या अंगाला लाल सावली. वर ॥ श्री ॥. ‘किराणा व भुसार मालाचे व्यापारी’. फोन नं. ४७. दोन आकडी! कोपऱ्यात पेंटरची सही, पुढे ‘मुरबाड’.

२९ डिसेंबर
शेठ म्हणाले, “मास्तर, हवी तर घेऊन जा. ठेवणार कुठं?”
मोजली. आठ बाय तीन. आमच्या जिन्यात वळणार नाही.

३० डिसेंबर
मराठी पाट्यांचा कायदा पुन्हा वाचला. २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही देवनागरी सक्तीची. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना दोन महिने दिले. तिकडे धावपळ. आमच्या पेठेत पाट्या आधीपासून मराठीच. कायदा भाषा बघतो, अक्षराचा आकार मोजतो. हाताने काढलेय की संगणकातून आलेय, त्याला काय!

२ जानेवारी २०२६
हुतात्मा भाई कोतवाल, हिराजी पाटील यांचा स्मृतिदिन. सिद्धगडला जाणाऱ्यांची गर्दी. पेंटरला शोधायला मुरबाडला जायचे राहिले.

३ जानेवारी, म्हसा
पौष पौर्णिमा, यात्रा सुरू. बैल, घोंगड्या, धूळ. फ्लेक्सच फ्लेक्स. एका घोंगडीवाल्याकडे मात्र जुनी कापडी पाटी. ‘र’ची शेपटी ओळखीची. तोच हात! पत्ता मिळाला.

५ जानेवारी, मुरबाड
पेंटरकाका घरीच होते. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. पाठकोऱ्या कागदावर रेघ मारून दाखवली, ती सरळ.
सुताला खडू लावून दोन रेघा उठवायच्या. शिरोरेघ आधी. “मग अक्षरं तिला टांगायची, मास्तर.” अंतर डोळ्यानेच. शेवटचे अक्षर मावेना, की वेलांटी आखूड करायची. सावली सगळ्यात शेवटी, पिवळा वाळल्यावर. घाई केली की लाल पसरतो.
भाव फुटावर. फ्लेक्सचाही फुटावरच. पण तो तासाभरात हातात, यांना दोन दिवस.
विडी-साबणाच्या जाहिरातींच्या भिंती? “ते कंपनीचे लोक. रात्रीत गाव रंगवून जायचे.”
फोटो दाखवला. पाटी सोडून आधी सही बघितली.

येताना सरळगाव–किन्हवली मार्गे. एका भिंतीवर चुन्याखालून ‘संभाजी विडी’. लोकांनी हरकत घेतली, विडीचे नाव साबळे झाले. भिंतीला कोण सांगणार? हेही जपायचे का? महाराजांचे नाव विडीवर, राग रास्तच होता. फोटो काढला. माझ्या पाट्यांच्या वहीत कुठल्या रकान्यात घालू, ठरेना.

७ जानेवारी
वॉर्सात निऑन पाट्यांचे संग्रहालय आहे, २०१२ पासून. हाँगकाँगचे एम प्लसही निऑन जमवते. इथे एका वाचनालयात विचारले. भिंत आहे, म्हणाले, पण तिथे सत्काराचे फोटो आहेत.
तसेही बरेच. दुकानावेगळी पाटी म्हणजे नुसता पत्रा.

८ जानेवारी
भंगारवाला पेठेत दोनदा.

११ जानेवारी
फिटर आला. शेठच म्हणाले, जुनी राहू दे, तिच्यावरच नवी ठोक. उतरवायची मजुरी वाचते. फिटरने ड्रिल थेट ‘भुसार’च्या ‘भु’वर लावले. हात धरला. अर्धा तास वाद. शेवटी अँगल कडेने घेतले. जास्तीच्या लोखंडाचे पैसे मी दिले. शेठचा मुलगा हसत होता. हसू दे.
साडेसहाला दिवे लागले. झगझगीत. गिऱ्हाइके खूश.

१२ जानेवारी
पेंटरकाकांना फोन केला. झाकली, मोडली नाही.
“मागून रेड ऑक्साइड मारला का?”
नाही.
“मग पावसाळ्यात पाणी धरंल. दोन वर्षं.”

१३ जानेवारी
रेड ऑक्साइड, एक लिटर. टर्पेंटाइन. लांब दांड्याचा ब्रश मिळाला नाही, कल्याणहून आणावा लागेल. फिटर संक्रांतीनंतर येतो म्हणाला. नवी पाटी परत उघडायला शेठचा मुलगा तयार नाही. त्याच्या आईशी बोलायचे.