कात्रीला न जुमानणारा वेल

निफाडला द्राक्षबाग केली, तोवर वेल माझं ऐकायचे. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, डोळ्यांना पेस्ट; घड कधी धरायचे ते मी ठरवायचो. आता अंगठ्याचा सांधा कात्री मिटू देत नाही. बाग धाकट्याच्या हवाली केली आणि नाशिकच्या घरामागे जुन्या अँगल-तारांवर चाऊचाऊचा वेल चढवला. कोंब फुटलेलं फळ लेकीने बंगळुरूहून आणलं होतं.

याचं गणित अजून जमत नाही. दिवस बारा-साडेबारा तासांवर आल्याशिवाय हा फुलत नाही. म्हणजे आमच्याकडे गणपतीच्या सुमारास. त्याआधी शेंडे खुडा, खत घाला, नुसता पाला. मूळचा मेक्सिकोकडच्या डोंगरांतला; वैशाखात पानं कडेने करपतात. तेव्हा मुळाशी ओल हवी, आणि तीच ओल आषाढात साचली की मूळ कुजतं. एवढ्यातून निभावला तर पुढे निफाडकडची थंडी टपलेलीच. मधल्या दोन-तीन महिन्यांत काय लागेल ते खरं.

रोज सकाळी पानं उलटून बघतो. एकाच बेचकीत नरफुलांचा तुरा, शेजारी एकटं मादीफूल, त्याच्या बुडाशी नखाएवढं हिरवं फळ. ते पिवळं पडून गळलं, की समजायचं, मधमाशी फिरकली नाही. थॉमसन द्राक्षांच्या बागेत मला मधमाशीची मिनतवारी कधी करावी लागली नव्हती.

गच्चीवर कोकोपीटच्या पिशव्या मांडणारे मला सल्ले देतात. भाजीपेक्षा त्यांचे फोटोच जास्त. आमचे द्राक्षवाले तरी काय, जीए या संजीवकात घड बुडवायचे, मणी फुगवायचे, चव गिऱ्हाइकाने शोधायची. मीही फुगवले, आणि त्या मण्यांवर गावभर मिरवलोही.

फळ नख रुततं तोवरच काढावं. सोलताना चिकाने हात आवळतात, म्हणून पाण्यात धरून सोलतो. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, हिंग, कढीपत्ता, वरून ओलं खोबरं. आतली कोवळी बीसुद्धा टाकत नाही. दार्जिलिंगकडे तर शेंडे आणि कंदही खातात. सूनबाई म्हणतात, "दुधीच की हा, बाबा." मला ते लागतं.

शेजारी बी मागतात. याचं बी सुटं निघत नाही, अख्खं फळच पुरावं लागतं. म्हणून मी वाटतो ती कोवळीच. कोंब धरतील अशी जून फळं घरातच ठेवतो. कॉलनीत हा वेल माझ्या एकट्याच्याच दारी असावा, एवढी हौस या वयातही सुटलेली नाही.