चोवीस मिलिमीटरचा सैनिक

१/४
एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून घरगुती युद्धखेळाला नियम दिले. त्या काळचे खेळण्यातले सैनिक शिशाचे, साधारण ५४ मिलिमीटर उंचीचे असत. त्यांचे मोठे सैन्य जमवणे सुखवस्तू घरांनाच परवडे.

२/४
१९५९ मध्ये ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीने प्लॅस्टिकचे चिमुकले सैनिक बाजारात आणले. एका लहानशा खोक्यात ते डझनावारी मिळत. शाळकरी मुलांच्या खाऊच्या पैशांतही पलटण उभी राहू लागली. १९६२ साली डोनाल्ड फेदरस्टोन यांचे ‘वॉर गेम्स’ आले, तेव्हा हे सैन्य सामान्य घरांत पोहोचू लागले होते.

३/४
या आकृत्यांचे प्रमाण आज १:७२ म्हणून ओळखले जाते. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस त्यात २४ मिलिमीटरचा होतो. परंतु वॉटर्लूची (१८१५) सुमारे ५ किलोमीटरची आघाडी याच प्रमाणात मांडायची, तर जवळपास ७० मीटर लांबीचे मेज लागेल! म्हणून जमिनीसाठी वेगळे प्रमाण घ्यावे लागते आणि सैन्यसंख्येसाठी आणखी वेगळे. अनेक नियमावल्यांत एक आकृती २० सैनिकांच्या जागी उभी असते. ६०० जणांची पलटण ३० आकृत्यांत मावते.

४/४
ही तडजोड खेळासाठी अपरिहार्य आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र ती विसरू नये. मेजावरून एक आकृती उचलली जाते, तेव्हा २० माणसे मेलेली, जखमी झालेली किंवा पळालेली असतात. खेळ संपल्यावर सगळ्या आकृत्या खोक्यात परततात. ती माणसे परतत नाहीत.